रंग, प्रकाश आणि रुग्णाचे मुख

(व्याख्यानाचा मजकूर)



देहात शिरलेल्या मोठ्या व्याधीची पहिली वर्दी पुष्कळदा तोंड देते. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिस येथील पाच तरुण रुग्णांची एक छोटीशी नोंद प्रसिद्ध झाली. पाचही जणांना एका विरळ प्रकारचा न्यूमोनिया झाला होता, आणि पाचही जणांच्या आतील मऊ त्वचेवर कँडिडा नावाच्या बुरशीचा प्रादुर्भाव आढळला होता. पुढे ज्या रोगाला जगाने एड्स म्हणून ओळखले, त्याचा वैद्यकीय वाङ्मयातील तो पहिला उल्लेख. विषाणूचा शोध १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत लागला. भारतात त्याची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नई येथे झाली. म्हणजे रोगाला नाव मिळण्यापूर्वी आणि विषाणू सापडण्यापूर्वी रुग्णांच्या शरीरावरील त्या पांढऱ्या थराने साक्ष दिली होती.

ही कँडिडा काही परकी नव्हे. निरोगी माणसांपैकी जवळपास निम्म्यांच्या तोंडात ती गुण्यागोविंदाने नांदत असते. लाळ, तोंडातील अन्य जीवाणू आणि देहाची प्रतिकारशक्ती तिला आपल्या मर्यादेत ठेवतात. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्याच्या कवडीसारखे जे पांढरे ठिपके दिसतात ते पुष्कळदा हिचेच. एच.आय.व्ही.च्या बाधेत रक्तातील सीडी-४ या रक्षक पेशींची संख्या घटत जाते. ती दर घनमिलिमीटरला २०० च्या खाली गेली की ही शांत भाडेकरीण घरमालकीण होऊ पाहते. जीभ, गालाची आतील बाजू, टाळू यांवर थर साचतो. पुसला तर खाली लालबुंद, झोंबणारी त्वचा दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तोंडातील चिवट कँडिडा ही एच.आय.व्ही.ची तिसरी अवस्था मानली जाते आणि तीच बुरशी अन्ननलिकेत उतरली तर चौथी.

वरवर पाहता तोंडातील बुरशी म्हणजे किरकोळ तक्रार वाटेल. पण रुग्णाच्या ताटापाशी बसून पाहिले तर तिचे गांभीर्य ध्यानी येते. भाकरीचा तुकडा चावता येत नाही, आमटी झोंबते, चव निघून जाते. आधीच कृश झालेला देह आणखी खंगतो. अन्ननलिकेत बुरशी उतरली असेल तर पाण्याचा घोटही खुपतो, मग गोळी कशी उतरणार? आणि एच.आय.व्ही.वरील औषध तर असे की त्यात खंड पडला की विषाणू पुन्हा बळावतो व औषधाला न जुमानणारा होऊ शकतो. तात्पर्य, तोंड बंद झाले की अन्नही थांबते आणि औषधही. म्हणून या छोट्याशा जागेची चिंता वैद्यकाने एवढ्या कसोशीने केली.

तोंडाच्या बुरशीवर औषधे नाहीत असे मुळीच नाही. निस्टॅटिनचे थेंब, क्लोट्रिमाझोलच्या चघळण्याच्या गोळ्या, आणि १९९० पासून सर्वत्र पोहोचलेले फ्लुकोनाझोल. दररोज १०० ते २०० मिलिग्रॅम, सात ते चौदा दिवस, हा त्याचा सर्वमान्य क्रम. औषध गुणकारी आहे, स्वस्तही झाले आहे. अडचण निराळीच आहे. मुळातील प्रतिकारशक्ती सुधारली नाही तर बुरशी परत येते, पुन्हा औषध, पुन्हा बुरशी; आणि अशा फेऱ्यांत बुरशी शहाणी होते. १९९० च्या दशकात एड्सच्या रुग्णांत फ्लुकोनाझोलला दाद न देणारी कँडिडा मोठ्या प्रमाणावर दिसू लागली ती अशीच. शिवाय पोटात घेतलेले औषध साऱ्या देहातून फिरते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असेल तर फ्लुकोनाझोलचे रक्तातील प्रमाण घटते. यकृतावरील भारही पाहावा लागतो. आपल्या देशात एच.आय.व्ही. आणि क्षय हे दोन पाहुणे एकाच घरी उतरलेले वारंवार आढळतात, हे येथे ध्यानात घ्यावे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरश्यांची जी पहिली यादी काढली, तिच्या अग्रगण्य गटातील चार नावांत कँडिडा अल्बिकन्सचे नाव आहे.

अशा स्थितीत संशोधकांची दृष्टी एका जुन्या आणि काहीशा विस्मृतीत गेलेल्या मार्गाकडे वळली. तो मार्ग म्हणजे रंग आणि प्रकाश यांच्या संयोगाने केलेला उपचार. त्याची कथा कापडाच्या दुनियेतून जाते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगणे योग्य ठरेल.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनीन प्रयोगशाळेत बनवू पाहत होता. क्विनीन काही साधले नाही. हाती लागला जांभळा रंग. रेशमावर तो असा बसला की रंगाचा एक नवा उद्योगच उभा राहिला आणि नीळ, मंजिष्ठ, हळद यांच्यावर हजारो वर्षे चाललेल्या रंगाऱ्यांच्या व्यवसायाची दिशा पालटली. पुढे जर्मनीत हाइनरिख कारो या रसायनज्ञाने इओसिन हा गुलाबी रंग शोधला आणि १८७६ मध्ये मेथिलीन ब्लू हा निळा रंग तयार केला. दोन्ही कापडासाठीच. परंतु पाऊल एर्लिख नावाच्या वैद्याच्या लक्षात आले की सूक्ष्मदर्शकाखाली हा निळा रंग काही पेशींना धरतो आणि काहींना सोडतो. जो रंग जंतूला निवडून धरतो, तो जंतूला निवडून मारणार नाही कशावरून? १८९१ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्याने बर्लिन येथे हिवतापाच्या दोन रुग्णांना मेथिलीन ब्लू दिला आणि ते बरे झाले. हिवतापाच्या औषधाच्या शोधातून रंग जन्मला आणि पस्तीस वर्षांनी पुन्हा रंगातून हिवतापाचे औषध निघाले. व्यापाराच्या इतिहासात असा पूर्ण फेरा क्वचितच सापडतो.

प्रकाशाची बाजूही त्याच सुमारास उजळत होती. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांनी कार्बनच्या विद्युत्‌दीपाचा प्रकाश स्फटिकाच्या भिंगांतून एकवटून त्वचेच्या क्षयरोगावर सोडला. चेहरा विद्रूप करणाऱ्या त्या रोगावर त्या काळी दुसरा धड उपाय नव्हता. १९०३ चे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले; पुढच्याच वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. म्युनिक येथे १८९७-९८ च्या हिवाळ्यात ऑस्कर राब हा विद्यार्थी अॅक्रिडिन नावाच्या रंगात पाण्यातील सूक्ष्म जीव ठेवून ते किती वेळात मरतात हे मोजीत होता. आकडे जुळेनात. एके दिवशी जीव झटपट मरत, तर ढगाळ वादळी दिवशी कितीतरी अधिक वेळ जगत. दुसरा कोणी असता तर वही फेकून दिली असती. राबने मात्र त्या न जुळणाऱ्या आकड्यांतूनच सत्य काढले: रंग एकटा मारीत नाही, उजेड एकटा मारीत नाही, दोघे मिळून मारतात. १९०० मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याचे गुरू फॉन टापाइनर यांनी या क्रियेला प्राणवायूही लागतो हे दाखविले, तिला ‘फोटोडायनॅमिक’ हे नाव दिले, आणि १९०३ मध्ये तोच कापडाचा गुलाबी इओसिन त्वचेच्या गाठींवर लावून त्यावर उजेड पाडला. आपल्या वैद्यांना बावचीचे बी पोटात देऊन वा लावून कोडाच्या डागांवर ऊन घेण्याची परंपरा ठाऊक होतीच. तिची रासायनिक वाट थोडी वेगळी असली तरी औषध व ऊन यांची सांगड तीच.

ही क्रिया घडते कशी? ज्या घरांत पश्चिमेच्या खिडकीला पिवळा अथवा नारिंगी पडदा लावलेला आहे त्यांना याचा अनुभव असू शकेल. व्हॅट जातीचे काही पिवळे-नारिंगी रंग धुण्याला पक्के, छटाही न सोडणारे. पण काही काळाने पडदा हातात धरावा तर टर्रकन फाटतो. रंग शाबूत, सूत मात्र कुजलेले! वस्त्रशास्त्रज्ञांनी याचा छडा लावला. रंगाचा कण प्रकाश शोषून घेतो, ती शक्ती शेजारच्या प्राणवायूला देतो, आणि चेतविलेला प्राणवायू सुताच्या धाग्यावर तुटून पडतो. पडद्याचा जो दोष, तोच उपचाराचा गुण. मेथिलीन ब्लू बुरशीच्या अंगावर चढतो. त्यावर सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकला की रंगाचा कण चेततो, आणि त्याच्यापासून प्राणवायूचे एक अत्यंत उग्र रूप तयार होते. पाण्यात त्याचे आयुष्य सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाएवढे. तेवढ्यात तो फार दूर जाऊ शकत नाही. जिथे रंग आहे, प्रकाश आहे आणि प्राणवायू आहे, तिथेच आणि तेवढ्यापुरताच घाव बसतो. बुरशीची भिंत, पटल, आतील द्रव्ये यांवर एकाच वेळी मारा होतो. म्हणून एखादे कुलूप बदलून बचाव करण्याची जी युक्ती ती औषधांविरुद्ध वापरते, ती येथे तिला सहजी साधत नाही. संशोधकांना या उपचाराचे आकर्षण वाटते ते मुख्यतः याच कारणाने.

आता पुराव्याकडे वळू या. लंडन येथे १९९३ मध्ये काचेच्या बशीत वाढविलेली कँडिडा रंग आणि सौम्य लेसर यांनी मारून दाखविली गेली. २००२ मध्ये अमेरिकेत प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या तोंडातील बुरशी मेथिलीन ब्लू व लाल लेसर यांनी समूळ गेली. मात्र रंगाची मात्रा पुरेशी असली तरच. माणसावरील, तेही एच.आय.व्ही.बाधितांवरील, महत्त्वाचा प्रयोग ब्राझीलमधील. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकवीस रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला चौदा दिवस फ्लुकोनाझोल, दुसऱ्याला नुसता सौम्य लेसर, तिसऱ्याला मेथिलीन ब्लू लावून त्यावर तोच लेसर. फ्लुकोनाझोलने बुरशी हटली पण थोड्याच काळात ती पुन्हा दिसू लागली. रंग आणि प्रकाश घेतलेल्या गटात ती पूर्ण नाहीशी झाली व तीस दिवसांपर्यंत परतली नाही. आणि नुसत्या लेसरच्या गटात? काहीच फरक पडला नाही.

हा शेवटचा निष्कर्ष सर्वांनी गाठीला बांधावा असा आहे. हल्ली ‘लेसर’ हा शब्द दुकानाच्या पाटीवर लावला की गिऱ्हाईक खेचले जाते. सौम्य लेसरचे स्वतःचे उपयोग आहेत. कर्करोगाच्या किरणोपचारात तोंड सोलवटून निघते, त्यावर तो खरोखर हितावह ठरला आहे. मंगळूर येथे डोके व मानेच्या कर्करोगाच्या २२१ रुग्णांवर झालेला व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग त्याची साक्ष देतो. परंतु त्या ठिकाणी लेसर जखम भरून येण्यास मदत करतो, जंतू मारीत नाही. बुरशीला मारायचे तर रंग हवाच.

ब्राझीलच्या प्रयोगाचे मोल किती धरावे? रुग्ण एकवीस, अवधी तीस दिवस. ताग्याचे एक टोक पाहून गिरणीचा वर्षभराचा माल कोणी उचलत नाही. त्याच देशात, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग अधिक सावध करतो. कवळीखाली बुरशी झालेल्या चाळीस वृद्धांपैकी निम्म्यांना निस्टॅटिन दिले व निम्म्यांवर दुसऱ्या एका रंगाने व निळ्या प्रकाशाने उपचार केले. यश निस्टॅटिनने ५३ टक्के, प्रकाशाने ४५ टक्के. आणि दोन्ही गटांत बुरशी पुढे परतली. म्हणजे जुने स्वस्त औषध हरले असे म्हणता येत नाही. हळदीतील कर्क्युमिन निळ्या प्रकाशात हेच काम करते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. हळदीने रंगविलेले वस्त्र उन्हात का टिकत नाही हे जाणणाऱ्याला त्याचे नवल वाटू नये. पण यावरून तोंडात हळद भरून उन्हात बसावे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. मात्रा, तरंगलांबी, वेळ, सारे मोजून-मापून करावे लागते.

मर्यादा आणखी आहेत. प्रकाश ऊतींत काही मिलिमीटरच शिरतो. जिभेवरील थराला तो पुरतो. अन्ननलिकेत उतरलेल्या बुरशीला दातांच्या दवाखान्यातील दिवा पोहोचत नाही, तेथे पोटातील औषधच हवे. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत मधुमेह व स्टेरॉइड यांच्या संयोगाने जी म्युकरमायकोसिस उसळली आणि देशात चाळीस हजारांहून अधिक लोकांना झाली, तिचाही डाग कित्येकदा टाळूवरच प्रथम दिसला. परंतु ती हाडांत व सायनसमध्ये खोल शिरते. तिला अॅम्फोटेरिसिन आणि शस्त्रक्रियाच लागते. टाळूवर काळा डाग असताना दिव्याच्या आशेवर दिवस काढणे हा जिवाशी खेळ. मेथिलीन ब्लूमुळे जीभ काही काळ निळी होते, ती गोष्ट किरकोळ. पण जी-६-पीडी या द्रव्याची जन्मजात उणीव असलेल्यांनी व मनोविकारावरील काही औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगणे आवश्यक असते.

सर्वांत मोठी मर्यादा तर ही की, प्रकाशाने बुरशी मरते, एच.आय.व्ही. मरत नाही. तोंडाला बुरशी वारंवार होणे थांबविणारा खरा उपाय म्हणजे विषाणूरोधक औषधे. ती प्रभावी रूपात आल्यावर पाश्चात्त्य देशांत तोंडातील बुरशीचे प्रमाण व तिची औषधांना दाद न देण्याची खोड, दोन्ही झपाट्याने उतरली. भारत शासनाने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. २०१७ पासून तर सीडी-४ कितीही असो, निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. देशात सुमारे २५ लाख लोक ही बाधा घेऊन जगत आहेत आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत.

मग दानशूरांनी काय करावे, असा प्रश्न अशा विषयावर हमखास निघतो. यंत्र दिले की त्यावर नावाची पाटी लागते, फोटो येतो. म्हणून यंत्रे देण्याकडे ओढा असतो. आणि मग कित्येक धर्मादाय दवाखान्यांत आच्छादन घातलेली यंत्रे कोपऱ्यात उभी दिसतात, कारण चालविणारा तंत्रज्ञ नाही, लागणारे द्रव्य संपले आहे, दुरुस्तीची तरतूद नाही. प्रकाशोपचाराचे यंत्र तुलनेने साधे आहे हे खरे. तरीही फ्लुकोनाझोलची गोळी हाताशी असताना ते पहिले पाऊल ठरू शकत नाही. जेथे गोळी चालेनाशी झाली आहे, यकृत वा अन्य औषधे आड येत आहेत, तेथे तज्ज्ञ दंतवैद्याच्या हाती ते उपयोगी पडावे. त्याहून जुना आणि स्वस्त रंग तर दाराशीच आहे. जेन्शियन व्हायोलेट! जुन्या पिढीतील कित्येकांच्या जिभा लहानपणी त्याने जांभळ्या झाल्या असतील. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एच.आय.व्ही.बाधितांच्या तोंडातील बुरशीवर त्याचे अत्यंत सौम्य द्रावण निस्टॅटिनच्या बरोबरीचे ठरले, आणि त्या सौम्यतेमुळे डागही पडत नव्हते.

यंत्राहून दुर्मीळ गोष्ट निराळीच आहे: अशा रुग्णाच्या तोंडात बघायला तयार असलेला दंतवैद्य. बाधा उघड झाली की खुर्ची रिकामी नाही, पुढच्या आठवड्यात या, मोठ्या रुग्णालयात जा, अशी उत्तरे रुग्णांच्या वाट्याला येतात; म्हणून ते बाधा लपवितात, आणि तोंडातील थरही. वस्तुतः हातमोजे व निर्जंतुक उपकरणे ही काळजी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत घ्यावयाचीच असते. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला असून, बाधेच्या कारणावरून उपचार नाकारणे त्याने निषिद्ध ठरविले आहे. संमतीवाचून कोणाची बाधा उघड करणेही त्यात बसत नाही. ही गोष्ट सधन, सुशिक्षित घरांनाही लागू आहे. ही व्याधी पेठ, जात वा प्रतिष्ठा पाहून येत नाही, हे स्वीकारण्यास आपला समाज अजून कचरतो, आणि त्या संकोचाची किंमत घरातलाच एखादा रुग्ण निमूटपणे मोजीत असतो.

शेवटी, तोंडात पांढरा थर दिसला म्हणजे एच.आय.व्ही.च असे समजून कोणी हवालदिल होऊ नये. वडीलधाऱ्यांत मधुमेह, सैल कवळी, प्रतिजैविकांचा दीर्घ वापर, कोरडे तोंड ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी ओढून झाल्यावर चूळ भरून थुंकावी. कवळी रात्री काढून, ब्रशने घासून स्वच्छ करून ठेवावी. तोंडात घालून झोपू नये. थर पंधरा दिवसांत गेला नाही, गिळताना खुपू लागले किंवा बरे होऊन पुन्हा पुन्हा आले, तर रक्तातील साखर आणि एच.आय.व्ही. या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. एच.आय.व्ही.ची तपासणी शासकीय केंद्रांत विनामूल्य होते व तिचा निकाल गुप्त ठेवला जातो; माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे, त्यालाही पैसे पडत नाहीत.